पिवळ्या टोपणाची बाटली

आईच्या डोळ्यात घालायच्या थेंबांचा तक्ता आणि ॲपवरच्या माणसांचा तक्ता एकाच वहीत आहे. पुढच्या पानांवर आई, आणि वही उलटी करून मागून सुरू केलेल्या पानांवर ती माणसं. वेगळी वही आणावी असं मनात आलं होतं, पण दोन्हीकडे खुणाच करायच्या होत्या, म्हणून आणली नाही.

मी झाशीतल्या एका सरकारी कारखान्यात परीक्षण विभागात आहे. ट्रान्सफॉर्मर ग्राहकाकडे जाण्याआधी त्याला तासन्‌तास भारावर चालवायचं आणि दर तासाला तापमान लिहायचं, हे आमचं काम. बावीस वर्षं मी ते करते आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन नियम सांगतात. लिहिलेला आकडा पुसायचा नाही. चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. दुसरा नियम असा की मीटरकडे न बघता लिहिलेलं एक जरी रीडिंग सापडलं, तरी त्या पाळीतली सगळी रीडिंग बाद. सगळं पुन्हा तपासायचं. माझ्या पाळीवर ही वेळ कधी आली नव्हती.

वय सत्तेचाळीस. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली. सिविल लाइंसमध्ये मी आणि आई, दोघीच राहतो. आई चौऱ्याहत्तरची आहे. तिचं माहेर दतिया गेटजवळचं, कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे तिच्या बोलण्यात न्याहारी, माजघर, तसबीर असे शब्द अजून आहेत आणि त्यांच्या मधूनमधून बुंदेली. माझ्याशी मराठी बोलणारं घरात तेवढं एकच माणूस. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी.

ॲप माझ्या फोनवर टाकलं ते विभागातल्या एका तिशीतल्या सहकारिणीनं, कँटीनमध्ये, चहा थंड व्हायच्या आत. मला लग्नच करायचं होतं असं नाही. रविवारी जेवून आई दोन तास झोपते. त्या दोन तासांत घरात कुणीतरी हवं होतं, ज्याला “आज वरण जरा दाटच झालं” म्हणता येईल. माझी अपेक्षा तेवढीच होती आणि ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही.

अंतर आधी दहा किलोमीटर ठेवलं. पहिल्याच दिवशी आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले दिसले. त्यांना दोन मुलं आहेत आणि बायको दुपारी गल्ल्यावर बसते. तेव्हापासून मी औषधं दोन चौक पलीकडून आणते. मग भाषा मराठी आणि अंतर शंभर केलं, म्हणजे ग्वाल्हेर आत येतं. नऊ निघाले. त्यातला एक माझा मामेभाऊ, एकावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, फोटोत काळा चष्मा लावलेला. त्यानं मला पाहिलं की नाही, माहीत नाही. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला आम्ही समोरासमोर उभे होतो आणि दोघांनीही आरती संपेपर्यंत मूर्तीवरून नजर काढली नाही.

उरलेल्या आठांत एक ग्वाल्हेरचा भूगोलाचा शिक्षक होता. बावन्न वर्षांचा, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. तो पूर्ण वाक्यं लिहायचा, शेवटी पूर्णविराम द्यायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं विचारलं होतं, “ट्रान्सफॉर्मर गरम होतो तेव्हा वास येतो का?” मी त्याला तेल गरम झाल्यावर येणाऱ्या वासाविषयी पंधरा ओळी लिहिल्या. त्या लिहिताना मला मजा आली होती हे आठवतं.

पण आठ माणसं म्हणजे किती. दोघं-तिघं आठवड्यात गप्प झाले. मी अंतर वाढवलं, मग हिंदीही चालेल असं केलं, आणि मग भोपाळ, कानपूर, इंदूर सुरू झालं. सात महिन्यांचे आकडे वहीत आहेत. जुळण्या दोनशे चौदा. त्यातल्या ‘हाय’च्या पुढे गेलेल्या त्रेसष्ट. फोनवर बोलणं पाच जणांशी. प्रत्यक्ष भेट दोघांशी. पहिल्यानं कॉफी येईपर्यंत त्याचे तीन प्लॉट सांगितले आणि कॉफी संपेपर्यंत त्यांवरचे वाद. दुसरा बहिणीला घेऊन आला, आणि मला काय काय येतं ते बहिणीनं विचारलं.

प्रत्येक माणसाला एक क्रमांक, त्यापुढे गाव, वय, शेवटचा निरोप कधी आला, उत्तर दिलं का. उत्तर दिलं की खूण. दिवसाअखेर एकही रकाना रिकामा राहता कामा नये, हा माझाच नियम. तो पाळायला वेळ पुरेना म्हणून मी चार तयार वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवली. क्रमांक दोनचं होतं: “छान! जेवण झालं का?” ते जवळजवळ कशालाही चालायचं.

तोवर माझं काय झालं होतं ते मला कळत नव्हतं, नाही तर मी ते लिहून ठेवलं असतं. कारखान्याच्या बसमध्ये बसले की अंगठा आपोआप सरकू लागायचा. एक चेहरा, दुसरा चेहरा, प्रत्येकी दोन सेकंद. भाजी चिरताना हात पुसून फोन बघायचा आणि काही आलेलं नसलं की राग यायचा. आलेलं असलं तर जास्तच यायचा, कारण आता उत्तर द्यावं लागणार. वर्तमानपत्र अर्ध्यावर टाकून उठायचे. गच्चीवर जायचे, तिथे का आले ते न आठवून परत खाली. रविवारचे ते दोन तास आता भरलेले असायचे आणि संपल्यावर वाटायचं की आपल्याला कुणीतरी उभं करून ठेवलं होतं.

सहकारिणीनं एकदा माझी ती चार वाक्यं पाहिली. हसली, मग हसायची थांबली.

“मॅडम जी, आप डेटिंग नहीं कर रहीं, ड्यूटी कर रही हैं.”

“काम है तो ठीक से करना चाहिए.”

“तो छुट्टी भी लीजिए न. हफ्ता भर बंद रखिए.”

“आठवडाभर बंद ठेवलं तर किती साठेल माहीत आहे?” मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. तिनं अंदाजानं मान हलवली.

सुट्टी मी घेतली ती आईच्या डोळ्यासाठी. दहा दिवस. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या. पांढऱ्या टोपणाची पहिल्या दिवसापासून, पिवळ्या टोपणाची तिसऱ्या दिवसापासून, दोन्ही दिवसातून सहा वेळा, सहा, नऊ, बारा, तीन, सहा, नऊ. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडायची. “पीली वाली थोड़ी लगेगी, घबराइएगा नहीं, माताजी,” असंही त्यांनी सांगितलं. मी घरी येऊन तक्ता आखला. पट्टीनं.

तिसऱ्या दिवशी पिवळी सुरू झाली. आई दिवाणावर उताणी, मी तिच्या डोक्याशी खुर्चीवर. पहिला थेंब घालायचा, मग पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत मी फोन उघडायचे. पाच मिनिटांत सहा-सात उत्तरं होतात.

“अगं, डॉक्टर म्हणाला होता ना, हा दुसरा झोंबेल म्हणून?” दुपारच्या थेंबानंतर आईनं विचारलं.

“हं.”

“मला तर काही झोंबत नाही.”

“छान,” मी म्हणाले.

संध्याकाळीही ती तेच म्हणाली, आणि मीही.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला फोनची बॅटरी संपली होती. तो आतल्या खोलीत चार्जिंगला होता. पांढऱ्या बाटलीतला थेंब घातला, पाच मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. पाय हलत होता, तो मी हातानं दाबून धरला. मग पिवळ्या टोपणाची बाटली उचलली आणि टोपण फिरवलं. ते फिरलं नाही. जोर लावला तेव्हा टोपणाखालची प्लॅस्टिकची कडी कट्‌ करून तुटली.

तो आवाज नवी बाटली उघडतानाच येतो.

मी वही ओढली. पिवळ्याच्या रकान्यात सात खुणा होत्या. आदल्या दिवशीच्या सहा आणि त्या सकाळची सहाची एक. सगळ्या माझ्या हातच्या, सरळ, एकसारख्या. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. म्हणजे मी सात वेळा, एका हातात फोन धरून, दुसऱ्या हातानं तीच पांढरी बाटली पुन्हा उचलली होती. एक औषध दुप्पट गेलं होतं आणि दुसरं गेलंच नव्हतं.

“काय झालं?” आईनं डोळे मिटूनच विचारलं.

मी सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर काहीतरी कमी करून सांगितलं असतं.

ती म्हणाली, “डोळा माझा आणि फोन तुझा. कुणाकडे बघायचं ते एकदा ठरव, बेटा.”

“ऑफिसचं काम असतं, आई.”

“ऑफिसचं.” ती उठून बसली. “मला डोळ्यानं दिसत नव्हतं. कानानं ऐकू येतं. सात महिने ते टिंग-टिंग चाललंय आणि दर टिंगला तू सुस्कारा टाकतेस. नवरा शोधत असशील तर शोध, माझी ना नाही. पण शोधणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं. तुझं तोंड वीजबिलाच्या रांगेत उभं राहिल्यासारखं असतं.”

लगेच रिक्षा करून डॉक्टरांकडे गेलो. रांगेत आठ जण होते. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. मनात एकच चाललं होतं की तिचा डावा डोळा आधीच कमजोर आहे, आता उजवाही गेला तर तिला टीव्हीच्या खालच्या पट्ट्या वाचून दाखवायला कोण असेल, आणि जे असेल ते सुद्धा फोनमध्ये बघत असेल. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. वाढलेला होता. सूजही होती. त्यांनी पांढरी कमी केली, गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं.

“हो जाएगा ठीक?” मी विचारलं.

“परसों बताऊँगा,” ते म्हणाले. तक्ता मी त्यांना दाखवायला नेला होता. त्यांनी तो बघितला आणि परत दिला. “बहुत सुंदर बनाया है, मैडम. अब बोतल भी देखिए.”

घरी आले. ते दोन दिवस मला बसवत नव्हतं. तेव्हा जे करता येतं ते मी केलं, म्हणजे नियम पाळला. एक रीडिंग खोटं सापडलं आहे, तर पाळी बाद. सगळी पुन्हा तपासायची. आईचा तक्ता तपासून झाला होता. वही उलटी केली.

क्रमांक एकपासून सुरुवात केली. वहीतली खूण बघायची, फोनमधला निरोप उघडायचा, त्यानं काय लिहिलं होतं आणि मी काय उत्तर दिलं ते वाचायचं. बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे काहीच नव्हतं. “गुड मॉर्निंग” आणि “छान! जेवण झालं का?” ती माणसंही माझ्यासारखीच खुणा करत असावीत. एकानं तर मला तेच वाक्य चार वेळा पाठवलं होतं, आणि मी चारही वेळा उत्तर दिलं होतं.

भूगोलाच्या शिक्षकाचा क्रमांक सहा. त्याच्यापुढे मी लिहून ठेवलं होतं, ‘प्रतिसाद बंद, समोरून.’ निरोप उघडला. अकरा दिवसांपूर्वीचा होता.

“आज तिच्या साड्या तिच्या बहिणींना दिल्या. तीन वर्षं कपाट उघडलं नव्हतं. आता ते रिकामं झालंय आणि मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलोय. कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुम्हाला लिहितो.”

खाली माझं उत्तर. “छान! जेवण झालं का?”

आणि वहीत खूण.

मी उठले आणि ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासली. आई म्हणाली, आता काय झालं. मी म्हणाले, आणखी एक बाटली सापडली. तिला ते कळलं नसणार, पण तिनं विचारलं नाही.

ॲपवर पाठवलेला निरोप मागे घेता येतो. बोट ठेवून धरलं की विचारतं, काढून टाकू का. मी बोट ठेवलं होतं. पण त्यानं वाचलेलं होतं, अकरा दिवस त्याच्याकडे होतं, आणि आता ते माझ्याकडून गायब करणं म्हणजे रबरानं पुसणं. मग मी रेघ मारली. लिहिलं:

“तुमच्या साड्यांच्या निरोपाला मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. मी तो वाचलाच नव्हता. तयार वाक्य पाठवून पुढे गेले. ते तसंच राहू देते, तुम्हाला दिसत राहील. बरोबर उत्तर असं, की मी तो आज वाचला, तीनदा वाचला, आणि तुम्ही मला लिहिलंत याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. हे ॲप मी तीन दिवसांनी काढून टाकणार आहे. त्याचं कारण तुम्ही नाही. मला माणसं वाचता येईनाशी झाली आहेत. खाली माझा फोन नंबर देते. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.”

शेवटी आद्याक्षरं घातली. सवय.

परवा आला. दाब उतरला होता. “बच गईं आप,” डॉक्टर म्हणाले. ते आईला म्हणाले की मला, ते मी विचारलं नाही. परतताना आईनं रिक्षा लक्ष्मी तालाकडे घ्यायला लावली. शुक्रवार होता, तिला महालक्ष्मीला जायचं होतं. काळा चष्मा लावून ती पायऱ्यांशी उभी राहिली आणि पलीकडच्या काठावरची म्हैस कुठल्या रंगाची आहे ते मला सांगू लागली. मला तिच्या आनंदात पूर्ण उतरता येत नव्हतं. हात सारखा पिशवीत जात होता. फोन मी घरी ठेवून आले होते, तरी जात होता.

सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ॲप काढलं. शिक्षकानं तोवर काही लिहिलं नव्हतं.

मला वाटलं होतं की सुटल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. पहिल्या दिवशी फोनकडे हात किती वेळा गेला ते मी मोजलं, सत्तावीस वेळा. दुसऱ्या दिवशी एकतीस. तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं, कारण मोजणं हेही तेच होतं. घरात फिरायचे. पंखा पाचवर, मग तीनवर, मग पुन्हा पाचवर. कुणी दार वाजवलं तर उठून जायला काम मिळालं म्हणून बरं वाटायचं. आईला वाचून दाखवायला बसले तर एकाच ओळीवरून दोनदा जायचे. तीच म्हणायची, “हे झालं वाचून.” सहकारिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “दस दिन लगेंगे, मॅडम जी. मुझे चौदह लगे थे.” तिनंही काढलं होतं हे मला तेव्हा कळलं. सात महिने आम्ही एकाच टेबलावर जेवत होतो.

एक गोष्ट मात्र मी पक्की केली. थेंबांच्या वेळी फोन आतल्या खोलीत. बाटली उचलली की टोपणाचा रंग मोठ्यानं म्हणायचा. आईनं ‘हो’ म्हटल्याशिवाय थेंब नाही. तक्त्यातल्या त्या सात खुणांवर मी एकेक रेघ मारली आणि सही केली. आई म्हणाली, सरकारी कागद केलास माझ्या डोळ्याचा.

ॲप काढल्यापासून नवव्या दिवशी, वाढवून घेतलेल्या सुट्टीत, तीनला दोन मिनिटं कमी असताना आतून फोनचा आवाज आला. अनोळखी नंबर होता, ग्वाल्हेरचा. निरोप लांब होता. पहिलीच ओळ दिसली, “तुम्ही पुसलं नाहीत हे बरं केलंत.” मी तिथेच उभी राहून पुढचं वाचणार होते. अंगठा खाली गेलाही होता. मग फोन पालथा ठेवला आणि बाहेर आले.

“कोण?” आईनं विचारलं.

“सांगते. आधी थेंब.”

“पांढरी,” मी बाटली उचलून म्हणाले.

“हो.”

पाच मिनिटं. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. घड्याळाचा मोठा काटा दोनदा अडकल्यासारखा वाटला. आई सांगत होती की तिच्या माहेरी पडवीत एक खुंटी होती, तिच्यावर कुणीही काही अडकवायचं नाही, का ते कुणालाच माहीत नव्हतं. मी ऐकलं. खुंटी कुठल्या बाजूला होती तेही विचारलं. डाव्या.

“पिवळी,” मी म्हणाले.

“घाल.”

घातला. तिनं तोंड वाकडं केलं आणि दिवाणाची कड घट्ट धरली.

“झोंबलं?”

“चांगलंच झोंबलं.” पाणी गालावरून कानाकडे गेलं, ते मी पुसलं. तक्त्यात खूण केली. मग ती म्हणाली, “जा, आण आता तो फोन. आणि मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच. मराठीत आहे ना?”

“मराठीत आहे.”

“मग वाच.”

मी फोन आणला, तिच्या डोक्याशी खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.